कर्ज मंजूर झालंय, नवी ऑफरही हातात आहे: राजीनामा कधी द्यावा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहात, एकूण अनुभव सात वर्षांचा, सध्याच्या कंपनीत चौथं वर्ष चालू आहे. रावेतला ७५ लाखांचा रिसेलचा फ्लॅट ठरला आहे आणि मालकाला २ लाख टोकन दिलं आहे. ६० लाखांचं सँक्शन लेटर, म्हणजे बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, आलं आहे. ॲग्रीमेंटची नोंदणी १२ दिवसांवर आहे. मालकाचं त्याच फ्लॅटवरचं जुनं कर्ज फेडून कागद सोडवायचे असल्यामुळे प्रत्यक्ष पैसे सुटायला त्यानंतर तीनेक आठवडे जातील. आणि नेमकी आताच दुसऱ्या कंपनीची वर्षाला २४ लाखांची ऑफर आली आहे. सध्या १७ आहेत. त्यांना तुम्ही दोन महिन्यांत हवे आहात, तुमचा नोटीस पिरियडही ६० दिवसांचा, म्हणजे राजीनामा याच आठवड्यात टाकायला हवा. मेव्हणे म्हणतात, चेक निघेपर्यंत बँकेत तोंड उघडू नका. पत्नी म्हणतात, घर महत्त्वाचं, ऑफर सोडून द्या. आणि तुम्ही विचारताय की कुणाचं ऐकू.

मी आधी नऊ वर्षं एका बँकेच्या क्रेडिट विभागात फाइली तपासत होतो आणि गेली अकरा वर्षं पुण्यात लोकांच्या गृहकर्जाच्या फाइली करून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, मेव्हणे आणि पत्नी दोघंही चेकच्या तारखेचा विचार करतायत. तुमच्या बाबतीत खरी तारीख नोंदणीची आहे. ते का, ते पुढे येईलच. त्याआधी बँक तुमच्या नोकरीकडे कशी बघते ते समजून घ्या, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

सँक्शन लेटर म्हणजे कर्ज हातात आलं असं बहुतेकांना वाटतं. त्या पत्राच्या मागच्या पानांवरच्या अटी फारसं कुणी वाचत नाही. आज घरी गेल्यावर त्या शांतपणे वाचा. अर्जात दिलेल्या माहितीत, नोकरीत किंवा उत्पन्नात बदल झाला तर तो बँकेला कळवायचा आणि तसा बदल झाल्यास मंजुरी बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा हक्क बँकेकडे राहील, अशा अर्थाचं कलम जवळपास प्रत्येक पत्रात असतं. मंजुरीला मुदतही असते, साधारण तीन ते सहा महिन्यांची. तुमच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट आणि ऑफिसमध्ये येऊन गेलेला व्हेरिफिकेशनवाला, या सगळ्यांतून ज्या दिवशी जे दिसलं त्याच्यावर ती मंजुरी उभी आहे.

आता नोकरी बदलली म्हणून बँक घाबरतेच असं नाही. मी क्रेडिटमध्ये असताना आमच्या टेबलावर अशा फाइली दर आठवड्याला यायच्या. आम्ही पहिल्यांदा एकच गोष्ट बघायचो, उत्पन्नाची जात बदलली का? पगारदार माणूस त्याच क्षेत्रात, जास्त पगारावर, नाव असलेल्या कंपनीत कायम नोकरीवर जात असेल तर फाइल फार अडत नाही. कागद बदलतात, थोडा वेळ जातो, पण माणूस तोच राहतो. तोच माणूस पगार सोडून कन्सल्टंट म्हणून जात असेल, म्हणजे महिन्याला बिल देणार आणि त्यावर व्यावसायिक फी म्हणून टीडीएस कापला जाणार, तर हातात येणारी रक्कम दीडपट झाली तरी आमच्या लेखी तो आता व्यावसायिक. व्यावसायिकाकडे बहुतेक ठिकाणी किमान दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात. ती त्याच्याकडे कुठून असणार?

म्हणून पहिली विनंती ही की ऑफर लेटर पुन्हा काढा आणि त्यात तुम्हाला काय म्हटलं आहे ते बघा. कंपनीच्या थेट पगारपत्रकावर आहात की मधल्या एखाद्या एजन्सीच्या? पीएफ कापणार आहेत ना? प्रोबेशन किती महिन्यांचं आणि त्या काळात नोटीस किती दिवसांची? प्रोबेशन आहे म्हणून फाइल बंद होत नाही. पण काही बँका कन्फर्मेशन लेटर मागतात, काहींना एकूण अनुभव दोन-तीन वर्षांचा असला की पहिली सॅलरी स्लिप पुरते, काही तीन स्लिपांवर अडून बसतात. हे बँकेवर अवलंबून आहे, आणि खरं सांगायचं तर त्याच बँकेतल्या कोणत्या क्रेडिट मॅनेजरकडे फाइल आहे यावरही आहे. कंपनीचंही तेच. बँका कंपन्यांची वर्गवारी ठेवतात. नवी कंपनी त्या यादीत नसेल, दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली असेल, तर चौकशी वाढते.

आता आकड्यांकडे येऊ, कारण १७ चे २४ झाले म्हणजे जास्त कर्ज मिळेल किंवा निदान बँक खूश होईल असं तुम्ही लिहिलंय. बँक सीटीसीवर, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार असलेल्या एकूण खर्चाच्या आकड्यावर, हिशेब करत नाही. तुम्ही दिलेल्या फोडीप्रमाणे २४ मध्ये ३ लाख व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग, आहे आणि २ लाख जॉइनिंग बोनस. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो, म्हणून तो धरतच नाहीत. व्हेरिएबल धरायचं तर आधी दोन वर्षं तसं मिळाल्याचा पुरावा मागतात, तो नव्या कंपनीत असणं शक्य नाही. राहिले १९ लाख. त्यातून कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, तुमचा पीएफ आणि आयकर गेला की महिन्याला हातात सव्वा लाखाच्या आसपास येतील. सध्या १,०८,००० येतात. म्हणजे तुम्हाला चाळीस टक्के दिसणारी वाढ बँकेच्या कागदावर पंधरा-सोळा टक्क्यांची होते. ती चांगलीच आहे, पण तिच्या जोरावर घासाघीस करता येईल असं धरून चालू नका.

६० लाखांचा, ८.५ टक्क्यांनी, २० वर्षांचा हप्ता ५२,००० च्या थोडा वर जातो. सध्याच्या पगारावर तो ४८ टक्के होतो. सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या ५० ते ६० टक्क्यांच्या आत राहावेत असं बँका साधारण बघतात. म्हणजे तुम्ही मर्यादेत आहात, पण मोकळी जागा फारशी नाही. या दोन महिन्यांत गाडी, हप्त्यावर फोन, नवीन क्रेडिट कार्ड, यातलं काहीही घेऊ नका. नव्या पगाराच्या आनंदात लोक नेमकं हेच करतात आणि पैसे सोडण्याआधी बँक पुन्हा सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जांच्या इतिहासाचा अहवाल, काढते तेव्हा ते दिसतं.

आता नोंदणीच्या तारखेबद्दल.

आज तुमचे २ लाख अडकले आहेत. टोकन पावतीत काय लिहिलंय त्यावर ते परत मिळतील की नाही हे ठरेल, पण जास्तीत जास्त नुकसान तेवढंच. नोंदणीच्या दिवशी चित्र पालटतं. पुण्यात ७५ लाखांवर ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ५,२५,००० होतं, वर नोंदणी फी ३०,०००. शिवाय बँक ८० टक्केच देते म्हणून १५ लाखांचा स्वतःचा वाटा तुम्हाला मालकाला देऊन त्याची पावती बँकेत दाखवावी लागते, त्याशिवाय बँक आपला पैसा सोडत नाही. म्हणजे नोंदणीपाशी तुमचे वीस लाखांहून जास्त पैसे घराबाहेर पडलेले असतात आणि बँकेचा एक रुपयाही आलेला नसतो. ॲग्रीमेंटमध्ये मात्र उरलेली रक्कम ४५ किंवा ६० दिवसांत द्यायची, नाही तर व्याज किंवा करार रद्द, असं कलम असतं. या मधल्या काळात बँकेने मंजुरी थांबवली तर मालक एका बाजूने आणि बँक दुसऱ्या बाजूने, अशी कोंडी होते. करार रद्द करून मुद्रांक शुल्काचा परतावा मागता येतो, पण त्याला मुदती आहेत, रद्दलेखाचीही नोंदणी लागते आणि कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१६ च्या सुमारास माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. नवऱ्याचं वय तिशीच्या आत, फ्लॅट मोशीचा. नोंदणी झाली आणि चारच दिवसांनी त्याने राजीनामा दिला. मला विचारलं तेव्हा मीच म्हणालो होतो की पैसे सुटेपर्यंत तू पगारावर आहेस, कशाला विषय काढतोस. सुटायच्या आठवड्यात बँकेने ताजी सॅलरी स्लिप मागितली आणि एचआरला फोन केला. एचआरने खरं ते सांगितलं, हा नोटीसवर आहे, शेवटचा दिवस अमुक तारखेला. फाइल परत क्रेडिटकडे गेली. राजीनाम्यापेक्षा त्यांना सांगितलं नव्हतं याचा राग जास्त होता, कारण मग बाकीचे कागदही संशयाने बघितले जातात. मालक समजूतदार निघाला, त्याने दीड महिना वाढवून दिला. दुसरीकडे जास्त व्याजाने, पत्नीला सहअर्जदार करून, कर्ज उभं केलं. त्या दीड महिन्यात त्या दोघांची जी दशा झाली ती मी बघितली आहे. त्यानंतर गप्प राहा हा सल्ला मी कुणालाही दिलेला नाही.

शिवाय आता लपतही नाही. पीएफच्या यूएएनवर, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकावर, कोणत्या कंपनीत कधीपासून आहात ते दिसतं, २६एएस या आयकर खात्याच्या करपत्रकात कोणत्या कंपनीने टीडीएस भरला ते दिसतं. अर्जात तुम्ही सही करून दिलेली माहिती खोटी ठरली तर कर्ज दिल्यानंतरही ते परत मागण्याचा हक्क कर्जकरारात असतो. तिथपर्यंत फार कमी वेळा जातं हे मान्य, पण वीस वर्षं ज्यांच्याशी व्यवहार करायचा त्यांच्याशी सुरुवात अशी करू नये असं मला मनापासून वाटतं.

मग पत्नी म्हणतात तसं ऑफर सोडून द्यायची का? मुळीच नाही. सात वर्षांच्या अनुभवावर त्याच कामाची, जास्त ठरलेल्या पगाराची नोकरी आली आहे. फक्त गोष्टींचा क्रम बदलायचा आहे.

राजीनामा आज टाकू नका. ऑफर हातात असणं म्हणजे नोकरी बदलणं नव्हे. तोपर्यंत तुमच्या अर्जातला एकही शब्द खोटा झालेला नाही. राजीनामा दिलात की तो होतो. सेल्सचा जो मुलगा तुमची फाइल घेऊन गेला त्याच्याशी बोलून थांबू नका. तो भला असेल, पण त्याचं टार्गेट महिनाअखेरीचं असतं आणि तो 'काही प्रॉब्लेम नाही सर' म्हणणार. शाखेतून तुमच्या फाइलचा क्रेडिट मॅनेजर कोण ते विचारा, भेट मागा, ऑफर लेटरची प्रत घेऊन जा. त्यांना सरळ विचारायचं: मी सध्याच्या नोकरीत आहे, राजीनामा दिलेला नाही, ही ऑफर आहे. पैसे सुटल्यावर राजीनामा दिला तर चालेल का? की आताच फाइल नव्या नोकरीवर करून घ्यायची? भेट झाली की त्याच दिवशी बोलणं झालेलं दोन-चार ओळींत ईमेलने पाठवा आणि उत्तर लेखी मागा. तोंडी होकारावर नोंदणीला जायचं नाही.

बँकेकडून तीन प्रकारची उत्तरं येऊ शकतात. पहिलं, सध्याच्या नोकरीवर मंजुरी कायम आहे, व्यवहार पूर्ण करा, बदल झाल्यावर कळवा. तुमच्यासारख्या फाइलला हे उत्तर मी बऱ्याचदा ऐकलं आहे. मग नोंदणी करा, पैसे सुटू द्या, त्यानंतर राजीनामा द्या, आणि नवीन ठिकाणी रुजू झाल्यावर बँकेला पत्र द्या. दुसरं, नव्या नोकरीवर सुधारित मंजुरी देऊ, त्यासाठी नियुक्तिपत्र, राजीनामा स्वीकारल्याचं पत्र, रिलीव्हिंग लेटर आणि पहिली स्लिप द्या. कधी कधी एखादा कागद नसताना वरिष्ठांकडून 'डेव्हिएशन', म्हणजे नियमात सूट, घेऊन फाइल पुढे नेतात, तेही विचारून बघा. याला दोन-तीन महिने धरा. तिसरं, तीन स्लिपा झाल्या की नवा अर्ज करा. यातलं दुसरं किंवा तिसरं उत्तर आलं तर १२ दिवसांनी नोंदणी करायची नाही.

इथे मालकाशी बोलावं लागेल, आणि ते तुम्ही स्वतः बोला, एजंटमार्फत नको. एजंटाची दलाली नोंदणीवर अवलंबून असते. चाकणच्या एका इंजिनिअरचं उदाहरण आठवतं. त्याने मालकाला घरी जाऊन ऑफर लेटर दाखवलं, बँकेचं ईमेल दाखवलं, टोकन आणखी एका लाखाने वाढवलं आणि पावतीवर दोन महिन्यांची मुदतवाढ दोघांच्या सह्यांनी लिहून घेतली. त्याच कागदावर एक ओळ टाकली की बँकेने कर्ज नाकारलं तर टोकन बिनव्याजी परत. मालकाला दुसरं गिऱ्हाईक शोधत बसण्यापेक्षा हे परवडलं. तुमचा मालकही त्याचं जुनं कर्ज फेडायच्या तयारीत आहे, त्यालाही बुडणारा व्यवहार नको असेल.

तुम्ही विचारलं नाही, पण एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नोकरी बदललेल्या जवळपास प्रत्येकाला ती चटका लावते. जुन्या कंपनीत बहुधा शेवटच्या महिन्याचा पगार अडकवून ठेवतात आणि फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे शेवटच्या हिशेबात, देतात, त्याला महिना-दीड महिनाही लागू शकतो. नव्या कंपनीत महिन्याच्या २० तारखेनंतर रुजू झालात तर पहिला पगार पुढच्या महिन्यात एकदम येऊ शकतो. म्हणजे साधारण दोन महिने खात्यात पगार नाही, आणि नेमका त्याच वेळी ५२,००० चा हप्ता सुरू. ताबा मिळेपर्यंत भाडंही असतं. पहिलाच हप्ता परत गेला तर सिबिलवर डाग पडतो. निदान चार हप्ते आणि चार महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय हा बदल करू नका. जॉइनिंग बोनस मुळात मोजू नका, वर्षाच्या आत सोडलं तर तो बहुधा परत द्यावा लागतो. पगाराचं खातं बदलणार असेल तर हप्ता आपोआप कापण्याची परवानगी (मँडेट) कोणत्या खात्यावर आहे ते तपासा. आणि पगाराचं खातं त्याच बँकेत आहे म्हणून व्याजात सवलत मिळाली असेल तर ती जाईल का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

तुमचा फ्लॅट बिल्डरकडून, बांधकाम चालू असलेला असता तर माझं उत्तर वेगळं झालं असतं. तिथे पहिला टप्पा सुटून कर्जखातं सुरू झालं की पुढचे टप्पे बिल्डरच्या डिमांड लेटरवर जातात आणि मधे नोकरी बदलली तरी सहसा कळवण्यापुरतंच काम उरतं. नवी नोकरी परदेशातली असती तर मात्र पूर्ण फाइल अनिवासी भारतीयाची झाली असती, मुखत्यारपत्रापासून सगळं नव्याने. तुमचं त्यातलं काही नाही, म्हणून तिकडे जात नाही.

तेव्हा उद्या सकाळी पहिला फोन नव्या कंपनीच्या एचआरला करा. सरळ सांगा की घराची नोंदणी आणि कर्ज येत्या पाच आठवड्यांत पूर्ण होतंय, रुजू होण्याची तारीख पाच आठवडे पुढे हवी आहे, ऑफर मला मान्य आहे. जी कंपनी तुमच्यासाठी ६० दिवस थांबायला तयार आहे ती ९५ दिवसांना सहसा नाही म्हणत नाही, आणि या कारणाचा तर त्यांना उलट भरवसा वाटतो, कारण घर घेणारा माणूस शहर सोडून जात नाही. तारीख मिळाली तर सुधारित ऑफर लेटर लेखी घ्या. नाहीच मिळाली आणि त्यांनी याच आठवड्यात राजीनामा द्या म्हटलं, तर मी तुमच्या जागी नोकरी घेईन आणि नोंदणी पुढे ढकलेन. २ लाख टोकनाची जोखीम मला झेपेल, वीस लाखांची झेपणार नाही. बँकेचं लेखी उत्तर आलं की त्यातलं नेमकं वाक्य मला कळवा, त्यावरून पुढचं सांगतो.